माफीचं बटण

वसईला माझा एक जुना मित्र राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे त्याच्या चर्चच्या हद्दीतल्या, पाच-सहा पोरांनी बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळायला टीम काढली आणि टीमच्या नावात एका संताचं नाव घातलं. झालं, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सुटल्यावर चर्चच्या आवारात जो वाद पेटला तो घराघरांत पोचला. मोठ्यांचं म्हणणं, संताचं नाव मिरवत माणसं मारत सुटायचं, याला काय म्हणायचं? पोरांचं म्हणणं, ‘काका, नुसता गेम आहे तो.’ मित्राने मला फोन लावला, कारण पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचाच गेम खेळत आम्ही दोघांनी बऱ्याच रात्री आणि घरून आलेले बरेच पैसे उडवले होते. ‘तुझं काय मत?’ मी म्हटलं, दोन्हीकडचे चुकतायत. आणि हा वाद काही वसईत जन्मलेला नाही. अमेरिकेत तो जवळजवळ तीस वर्षं चालू आहे, आणि तिथेही लोक त्यात असंच एकमेकांच्या डोक्यावरून बोलत आलेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ख्रिस्ती गेमिंग क्लॅनचा, म्हणजे ऑनलाइन एकत्र खेळणाऱ्या ख्रिस्ती टोळीचा, हिशोब पडद्यावर किती मेले यावरून करायचा नसतो, आणि क्लॅनमुळे किती जणांना येशू भेटला यावरूनही नाही. पहिला हिशोब विरोधकांचा, दुसरा समर्थकांचा, आणि दोन्ही चुकीच्या वहीत मांडलेले. क्लॅन म्हणजे अनोळखी माणसांनी स्वखुशीने वसवलेली वाडी. त्या वाडीत माणसं एकमेकांशी कशी वागली, वेशीवर कोण उभं राहिलं, कोणाला हाकललं आणि कशासाठी, हे बघायला हवं. तसं बघितलं तर या क्लॅनांचा इतिहास बराचसा अभिमानाने सांगण्यासारखा निघतो. जिथे तो तसा नाही तिथे दोष बंदुकीचा नाही, वेगळ्याच गोष्टीचा आहे.

आधी त्यांचा जन्म कोणत्या हवेत झाला ते बघू. डिसेंबर १९९३ मध्ये डूम हा गोळीबाराचा गेम आला, जून १९९६ मध्ये त्याच टेक्सासमधल्या कंपनीचा क्वेक आला, आणि त्या वर्षाअखेरीस क्वेकवर्ल्ड नावाच्या सुधारित आवृत्तीमुळे टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या खरखरीतून, शेकडो मैलांवरच्या माणसाशी खेळणं जरा सुसह्य झालं. माणसं भेटली की टोळ्या होतातच. नावाच्या आधी चौकटी कंसात दोन-तीन अक्षरं लावायची, ठरल्या रात्री ठरल्या सर्व्हरवर, म्हणजे खेळ जिथून चालतो त्या कॉम्प्युटरवर, जमायचं, दुसऱ्या टोळीला आव्हान द्यायचं. आपला गल्ली क्रिकेटचा संघच तो, फक्त गल्ली नसलेला. या टोळ्यांमध्ये काही ख्रिस्ती पोरांच्या होत्या. ट्राइब ऑफ ज्यूडा, मेन ऑफ गॉड अशी त्यांची नावं. पहिलं नाव थेट बायबलमधून, यहूदाच्या वंशावरून घेतलेलं.

आणि हवा कशी होती? डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ १९७४ मध्ये निघाला. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या कित्येक चर्चनी त्याला सैतानाची पाठशाळा ठरवलं. १९८४ मध्ये जॅक चिक या ख्रिस्ती प्रचारकाने एक चित्रपुस्तिका काढली, तिच्यात हा खेळ खेळणारी मुलगी खऱ्याखुऱ्या चेटूकविद्येला लागते. अशा पुस्तिका चर्चबाहेर वाटल्या जात. १९९६ मध्ये ख्रिश्चन गेमर्स गिल्ड स्थापन झाली ती याच संशयाला उत्तर म्हणून. आणि मग आली २० एप्रिल १९९९ ची सकाळ. कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलांना आणि एका शिक्षकाला गोळ्या घातल्या. दोघेही डूम खेळत असत. त्या दिवसानंतर अमेरिकेत पडद्यावर बंदूक धरणारं प्रत्येक पोर संशयित झालं, आणि चर्चला जाणाऱ्या घरांत तर जास्तच. ख्रिस्ती क्लॅनमधल्या पोरांची गत काय झाली असेल बघा. रविवारी चर्चमध्ये गेमर म्हणून वाकडी नजर, रात्री सर्व्हरवर ख्रिस्ती म्हणून टिंगल. फायद्यासाठी कोणी ही जागा निवडत नाही. या पोरांची निष्ठा खोटी होती असं म्हणणाऱ्यांनी एवढं एक लक्षात घ्यावं.

आता विरोधकांचं सगळ्यात जड म्हणणं. ते असं नाही की गेम खेळून पोरं खुनी होतात. ते म्हणणं हलकं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कॅलिफोर्नियाचा हिंसक गेमविक्रीवरचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला, तेव्हा न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ग्रिमच्या परीकथांकडे बोट दाखवलं होतं. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात, हॅन्सेल आणि ग्रेटेल म्हातारीला भट्टीत भाजतात, आणि या गोष्टी आपण पोरांना निजवताना सांगतो. जड म्हणणं वेगळं आहे, आणि ते खुद्द शुभवर्तमानातलं आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की खून न करणं पुरेसं नाही, भावावर रागावणाराही न्यायाला पात्र होतो. पाप हातात नाही, मनात आहे. मग मन रमवायला माणूस मारण्याचंच चित्र का लागतं? ‘खोटं आहे’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण येशूचा मुद्दाच असा की मनातलं खोटं नसतं. पोरांचं ‘काका, नुसता गेम आहे’ इथे उताणं पडतं. ते मी मान्य करतो.

हा आक्षेप नवाही नाही. सन २०० च्या सुमारास कार्थेजमध्ये तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक याच प्रश्नावर तुटून पडला होता, फक्त तेव्हा पडद्याऐवजी रथांच्या शर्यती, नाटकं आणि ग्लॅडिएटर होते. तेव्हाचे ख्रिस्तीही म्हणत, सर्कसला जाऊ नये असं शास्त्रात कुठे लिहिलंय? तर्तुलियन एक किस्सा सांगतो. एक ख्रिस्ती बाई नाटकाला गेली आणि येताना अंगात भूत घेऊन आली. भूत उतरवणाऱ्याने दरडावलं, विश्वासी बाईला धरायची तुझी हिंमत कशी झाली? भूत म्हणालं, मी कायदेशीर धरली, ती माझ्या हद्दीत आली होती. किस्सा झकास आहे. अठराशे वर्षं झाली, तरी चर्चच्या आवारातला वाद याच एका वाक्यावर फिरतो: ही हद्द कोणाची? पण त्याच लेखनाचा शेवट बघा. तर्तुलियन वाचकाला म्हणतो, तुला तमाशाच हवा ना, मग खरा तमाशा पुढे आहे. न्यायाच्या दिवशी छळ करणारे राजे आणि अधिकारी आगीत वितळताना आपण बघू, आणि तो आनंद कोणत्याही सर्कशीपेक्षा मोठा असेल. आता सांगा, रक्त बघण्याची हौस रंगमंडळात होती की बघणाऱ्यात? रंगमंडळ सोडून आलेला माणूस ती हौस बरोबर घेऊनच बाहेर पडला होता.

म्हणून मला ‘काय खेळता’ हा प्रश्न अपुरा वाटतो. १९९४ मध्ये एका ख्रिस्ती कंपनीने वुल्फेनस्टाइन या गोळीबाराच्या खेळाचंच इंजिन घेऊन नोहाच्या तारवाचा गेम काढला. नाझींच्या जागी शेळ्यामेंढ्या, बंदुकीच्या जागी गलोल, आणि गलोलीतून खाणं मारून जनावरांना झोपवायचं. ‘शुद्ध’ खेळ तो, आणि बालिशही. २००६ चा उदाहरणादाखल घेतलेला दुसरा गेम मात्र हसण्यावारी नेता येत नाही. जगाच्या अंताविषयीच्या प्रसिद्ध कादंबऱ्यांवर बेतलेला लेफ्ट बिहाइंड: इटर्नल फोर्सेस. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोकांना आपल्या धर्मात घ्यायचं, त्यांची फौज करायची आणि ख्रिस्तविरोधकाच्या सैन्याशी लढायचं. काही ख्रिस्ती संघटनांनीच वॉलमार्टला विनंती केली की हा गेम विकू नका. त्यात क्वेकपेक्षा रक्त कमीच असेल. पण क्वेकमध्ये समोरचा तुमचा प्रतिस्पर्धी असतो, या गेममध्ये तो देवाचा शत्रू असतो. मला विचाराल तर बायबलचा छाप नसलेल्या क्वेकमध्ये पोराला रात्रभर सोडायला मी कमी घाबरेन.

क्लॅनमधल्या पोरांनी बहुधा न ठरवताच शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी आपला वेगळा पवित्र खेळ मागितला नाही. सगळे खेळतात तोच खेळ, सगळ्यांमध्ये बसून खेळले. हे काउंटर-स्ट्राइकमध्ये फारच उघड दिसतं. हाफ-लाइफ या गेमवर दोन हौशी पोरांनी रचलेला हा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून केलेला गेम, जून १९९९ चा, दुकानात आला नोव्हेंबर २००० मध्ये. त्यात एक बाजू पोलिसांची, दुसरी दहशतवाद्यांची. आणि सामन्यात अर्ध्यावर बाजू बदलतात. म्हणजे येशूचं नाव लावणाऱ्या संघालाही अर्धा सामना बॉम्ब लावायचाय. एका बाजूला कायमचे सज्जन होऊन बसण्याची सोयच नाही! बाहेरच्यांना यात ढोंग दिसतं, मला यात खेळाचं मोठेपण दिसतं. जो खेळ तुम्हाला प्रत्येक सामन्यात शत्रूच्या जागी उभं करतो, तो धर्मयुद्ध शिकवत नाही. बुद्धिबळात काळी सोंगटी घेतली म्हणून कोणी पापी ठरत नाही.

आपल्याकडे हे समजायला सोपं जावं. गावच्या तालमीत मारुती असतो, पैलवान मातीला हात लावून तो कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो आणि समोरच्याला चितपट करायला धावतो. भक्ती आणि झुंज यांचा इथे मेळ कसा बसतो, असं कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तालमीचा बरेवाईटपणा आपण वस्ताद पोरांना काय वळण लावतो त्यावरून ठरवतो. एकाच गावात दोन तालमी असतात. एकीतली पोरं पुरात लोकांना खांद्यावर काढतात, दुसरीतली निवडणुकीत भाड्याने जातात. डाव दोन्हीकडे तेच.

तर मग वळण काय होतं? इथे जरा थांबायला हवं, कारण वादात उतरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या काळचा सर्व्हर आतून बघितलेला असतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये एक सोय होती: प्रत्येक खेळाडूला भिंतीवर आपलं चित्र फवारता यायचं. पुण्याच्या कॅफेत आम्ही काय फवारायचो ते इथे लिहिता येणार नाही. इंटरनेटवरच्या सर्व्हरवर भिंतीच्या भिंती नागड्या बायांनी आणि स्वस्तिकांनी रंगलेल्या असत, आणि तिथे बारा वर्षांची पोरंही खेळत असत. शिव्यांचं तर बोलायलाच नको. आईबहिणीवरून, वंशावरून, आवाज बायकी वाटला तर त्यावरून. कंपन्या याबाबत काही करत नव्हत्या. सर्व्हर ज्याचा, राज्य त्याचं, आणि बहुतेक राजांना काही पडलेली नव्हती. अशा ठिकाणी ख्रिस्ती क्लॅन आपला सर्व्हर भाड्याने घेत, पैसे सभासद वाटून भरत, आणि दारावर पाटी लावत: इथे शिवी चालणार नाही. फवारणी बंद, नाहीतर चित्र तपासलं जाणार. शिवी टाइप केली की आधी ताकीद, मग हकालपट्टी. सामन्याआधी दोन वाक्यांची प्रार्थना. कोणाची आई दवाखान्यात आहे, कोणाच्या बापाची नोकरी गेली, हे खेळ संपल्यावर हेडफोनवर बोललं जायचं. आणि रात्री दोन वाजता कोणीतरी, पगार न घेता, जागा राहून दार सांभाळायचा.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते एक बारीक यंत्र. ते ख्रिस्ती लोकांनी शोधलेलं नाही, पुष्कळ सर्व्हरांवर असायचं. चुकून आपल्याच साथीदाराला गोळी लागून तो मेला, की मेलेल्याच्या पडद्यावर एक छोटी यादी उघडायची: याला शिक्षा करायची, की माफ करायचं? आकडा दाबायचा. नेहमीच्या सर्व्हरवर लोक डोळे मिटून शिक्षा दाबत. पण ज्या टोळीने सत्तर वेळा सात माफ करायला सांगणाऱ्याचं नाव आपल्या नावापुढे लावलंय, तिच्या सभासदासाठी ही यादी म्हणजे रात्रीतून पाच वेळा येणारी परीक्षा. तीही कशी? पाद्री समोर नाही, आई बघत नाही, आणि तुम्ही खरोखर चिडलेले, कारण त्या गाढवामुळे डाव गेला. मत्तयचा पाचवा अध्याय राग मनात असतो म्हणतो ना? मग मनातला राग ओळखायला आणि बाजूला ठेवायला याहून चांगली तालीम मला तरी माहीत नाही. रविवारच्या प्रवचनात ‘क्षमा करा’ ऐकणं सोपं असतं, तिथे कोणी तुमचा डाव घालवलेला नसतो. आम्ही कॅफेत माऊस आपटायचो. एकदा मित्राने माझा कीबोर्ड उचलून फेकला आणि त्याचे पैसे दोघांनी मिळून भरले. वसईचा तोच हा मित्र.

मी काही या पोरांना संत ठरवायला निघालेलो नाही. नियम करणारे नियम मोडतही असणार, ॲडमिनचा अहंकार वाढतही असणार. चार माणसांची भजनी मंडळीसुद्धा तबल्यावरून फुटते. पण प्रश्न असा की इंटरनेटच्या त्या रानटी दशकात वेशीवर उभं राहायला दुसरं कोण आलं होतं? आज मोठमोठ्या कंपन्या शिवीगाळ आवरायला यंत्रं बसवतात, समित्या नेमतात. ते काम या हौशी मंडळींनी फार आधी, स्वतःच्या खिशातून केलं. ते ख्रिस्ती होते म्हणून त्याचं कौतुक करायला संकोच वाटतो, की गेमर होते म्हणून?

आता समर्थकांकडे वळतो, आणि इथे माझा सूर जरा कडक होणार. क्लॅनच्या बाजूने सर्रास केला जाणारा युक्तिवाद असा की हे सुवार्तेचं साधन आहे, पोरं जिथे आहेत तिथे आपण जायला नको का? पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं वाक्य पुढे केलं जातं: मी सर्वांसाठी सर्व काही झालो. सप्टेंबर २००७ मध्ये हेलो ३ हा गोळीबाराचा गेम बाजारात आला. सतरा वर्षांखालच्यांसाठी नाही असा त्यावर शिक्का. त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावरची बातमी दिली की अमेरिकेतले शेकडो पाद्री पोरांना चर्चमध्ये ओढायला हेलोच्या रात्री भरवतायत. चर्चच्या तळघरात टीव्ही मांडायचे, पोरांना मनसोक्त गोळीबार करू द्यायचा आणि मध्ये थांबवून येशूबद्दल दोन शब्द सांगायचे. ख्रिस्ती गटांतूनच टीका झाली, एका संघटनेच्या प्रमुखाने तर उपहासाने म्हटलं की पोरं ओढायचीच असतील तर फुकट दारूही चालेल. माझं मत या टीकाकारांच्या बाजूने आहे, पण कारण त्यांचं नाही. हेलो वाईट म्हणून नव्हे. आमिष वाईट म्हणून.

क्लॅन आणि हेलोची रात्र यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि गंमत अशी की समर्थक आणि विरोधक दोघंही तो पुसून टाकतात. क्लॅनमधली पोरं मासे धरायला तळ्यावर गेली नव्हती. ती तळ्यातच होती. आधी गेमर, खेळावर मनापासून प्रेम करणारी, आणि ख्रिस्ती. आपल्याला जे आवडतं ते आपल्याला जे पटतं त्याच्या उजेडात कसं करायचं, हा त्यांचा सवाल. तळघरातल्या पाद्र्याला मात्र खेळाशी देणंघेणं नव्हतं. त्याला पोरं हवी होती, खेळ हा त्याचा गळ होता. गळाला लावलेल्या किड्याबद्दल कोळ्याला प्रेम नसतं, आणि हे पोरांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

हा फरक मराठी माणसाला दाखवायला फार लांब जावं लागत नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग रचले. लोक जमवायची ही क्लृप्ती होती का? तसा आरोप तेव्हाही झाला असेल. पण टिळकांचे अभंग वाचताना कान फसत नाही. तो माणूस अभंगात विचार करत होता. धर्म बदलला, जीभ कशी बदलेल? त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राहणाऱ्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने दहा हजारांहून अधिक ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. तो मिशनरी होता, हेतू धर्मप्रसाराचाच. तरी ओवी त्याला केवळ साधन राहिली नाही, मराठीवर त्याचा जीव जडला, आणि ते ओळीओळीत दिसतं. साधन म्हणून उचललेल्या गोष्टीवर जीव जडला तर साधन उरत नाही. न जडला तर ते आमिषच. हेलोच्या रात्रींतल्या कोणा पाद्र्याचा खेळावर जीव जडलाही असेल, पण बातमीत पोरांची संख्याच मोजली जात होती.

‘क्लॅन’, ‘योद्धे’, ‘देवाची फौज’ ही भाषा धोक्याची नाही का, असा आणखी एक आक्षेप असतो. खरा आहे. क्रूसेडचा इतिहास असलेल्या धर्माने तो कानामागे टाकू नये. पण शब्दांवरून माणसं तोलायची तर मुक्तिफौजेचं काय करायचं? १८७८ मध्ये लंडनच्या विल्यम बूथने आपल्या मिशनला फौज म्हटलं, गणवेश घातले, हुद्दे वाटले, ‘वॉर क्राय’ (रणगर्जना) नावाचं वर्तमानपत्र काढलं. १८८२ मध्ये त्यांची चार माणसं मुंबईत उतरली, वाजतगाजत मिरवणुकी काढल्या आणि पोलिसांनी त्यांना पकडलं. आज अहिल्यानगरमध्ये कोणाला मुक्तिफौज म्हणा, त्याला बूथ हॉस्पिटल आठवतं, तलवार नाही. शब्द फौजेचा, काम खाटांचं. उलट शांतीचे शब्द बोलणाऱ्यांनी काय काय केलं याची यादी मी इथे देत बसत नाही.

कुंपणाचा आक्षेप मला जास्त टोचतो. खेळात धर्माच्या नावाने वेगळी चूल मांडायचीच कशाला? उद्या प्रत्येक धर्माची टोळी झाली तर? ‘उद्या’ कशाला, आपल्याकडे ती झालेलीच आहे. मोबाइलवरच्या कोणत्याही खेळात शिरा, नावांमध्ये महाकाल, मावळा, जय श्रीराम दिसतील, अर्धचंद्रही दिसेल. तेव्हा ज्या मापाने ख्रिस्ती क्लॅन मोजायचा त्याच मापाने हे सगळे मोजावे लागतील, नाहीतर माप बाजूला ठेवावं लागेल. माझं माप साधं आहे: हाकललं कशासाठी? अमेरिकेतल्या ख्रिस्ती क्लॅनांत सभासद व्हायला बहुधा श्रद्धेची कबुली लागे, पण सर्व्हरवर येऊन खेळायला लागत नसे. नास्तिक येवो, मुसलमान येवो, शिवी दिली नाही तर खेळो. देवघर आतलं, ओसरी सगळ्यांची. जी टोळी वागणुकीवरून माणूस बाहेर काढते तिच्याशी माझं भांडण नाही, मग तिच्या नावात कोणताही देव असो. जी जन्मावरून काढते ती नावात ‘मानवता’ घालून आली तरी नको. आपल्या पोरांच्या नावांतल्या मावळ्याला हे माप लावून बघायची आपली तयारी आहे का?

मला विचाराल तर ख्रिस्ती खेळाडूची खरी कसोटी बंदुकीपाशी लागतच नाही, ती लागते वेळापत्रकापाशी. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडल हा भाविक ख्रिस्ती धावपटू शंभर मीटर धावला नाही, कारण पहिली फेरी रविवारी होती, आणि रविवार देवाचा. त्याने चारशे मीटर धावून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं, ते सगळ्यांना आठवतं. त्याने सोडलं काय, ते जास्त महत्त्वाचं. खेळ माणसाला खातो तो हिंसेने नाही, तासांनी. मी स्वतः ज्या रात्री कॅफेत घालवल्या त्या रात्रींत माझ्या हातून कोणी मेलं नाही, पण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे दोन पेपर गेले. हा आक्षेप मात्र चर्चच्या आवारात कोणीच घेतला नाही, असं मित्राने सांगितलं. सगळे रक्तावर अडकले होते.

मी मित्राला एवढंच म्हटलं की संताच्या नावावरून भांडू नका. पोरांना विचारा, टीममध्ये शिवी दिली तर काय करणार, हरल्यावर काय करणार, आणि परीक्षेच्या महिन्यात काय करणार. त्याने विचारलं. पहिल्या प्रश्नाला पोरं हसली, दुसऱ्याला एकमेकांकडे बघायला लागली, तिसऱ्याला गप्प. मग त्यांनी वहीच्या पानावर सात नियम लिहिले आणि फादरना नेऊन दाखवले. फादरनी म्हणे एकच वाक्य खोडलं: ‘आम्ही कधीच हरणार नाही.’

परवा त्याचा पुन्हा फोन आला. पोरांची टीम एका स्पर्धेत पहिल्या फेरीतून पुढे गेलीये, आणि दुसऱ्या फेरीची वेळ आलीये रविवारी सकाळी साडेआठची. मिस्सा आठची. पोरांनी आयोजकांना मेसेज टाकलाय, वेळ बदलता येईल का म्हणून. अजून उत्तर आलेलं नाही.